देवाचा पत्ता

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या प्रांगणात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘पूर्व व पश्चिमेकडील ईश्वरकल्पना’ असा भारदस्त विषय मला का दिला, हे आपण सगळे जाणतो. बागेच्या कोपऱ्यात मंदिर बांधण्याचा ठराव दोनदा पुढे ढकलला गेला. “मग आमच्या प्रार्थनेचं काय?” असं एका सभासदांनी विचारलं आणि सभा तापली. त्या ठरावावर मी आज बोलणार नाही. देवावर बोलतो.

आपण शाळेपासून एक वाटणी ऐकत आलो. पश्चिमेचा देव जगापेक्षा वेगळा. सुतार खुर्ची करतो, पण स्वतः खुर्चीत नसतो, तसा. तो आज्ञा देतो, न्याय करतो. पूर्वेचा देव चराचरात मुरलेला, छांदोग्य उपनिषदातल्या पाण्यात विरघळलेल्या मिठासारखा. सुटसुटीत वाटणी आहे, पण क्रांती चौकातून तीसेक किलोमीटर गेलं की ती मोडते. वेरूळला १६ नंबरच्या लेण्यात कैलासनाथ. १० नंबरला, ज्याला लोक ‘सुताराचं झोपडं’ म्हणतात, तिथे बुद्ध. त्यांनी जगाच्या कर्त्यापेक्षा दुःखाचं कारण शोधलं. ३२ नंबरला तीर्थंकर. जैन दर्शन तर म्हणतं, जग कुणी निर्माण केलेलंच नाही. एकाच डोंगरात तीन उत्तरं, आणि तिन्ही पूर्वेची! उलट ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम हे धर्म जन्मले आशियातच. मग पश्चिम नेमकी कुठून सुरू होते?

हा प्रश्न आपल्या पैठणच्या नाथांनी चारशे वर्षांपूर्वी विचारून ठेवलाय. एकनाथ महाराजांचं शिक्षण देवगिरीवर, जनार्दनस्वामींकडे झालं. स्वामी निजामशाहीच्या चाकरीतले किल्लेदार. त्यामुळे नाथांच्या कानावर दोन्हीकडची भाषा आणि दोन्हीकडचे टोमणे लहानपणापासून पडले असणार. त्यांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ वाचताना मी पहिल्यांदा दचकलो होतो. मला वाटलं होतं, गोडीगुलाबी असेल. तसं नाही! तुर्क आपल्या हिंदुस्थानी बोलीत मूर्तिपूजेची टिंगल करतो, पुराणातल्या देवांच्या गोष्टी काढून खिजवतो. हिंदू उलटून विचारतो, देव सगळीकडे आहे म्हणता, मग पश्चिमेकडेच तोंड कशाला? बाकीच्या दिशा काय रिकाम्या पडल्यात?

म्हणजे भांडण देवाच्या पत्त्याचं. आणि नाथांनी तुर्काच्या तोंडी बुळी वाक्यं घातलेली नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. आपण वाद घालतो तेव्हा समोरच्याचं म्हणणं मुद्दाम पोचट करून मांडतो. नाथांनी ते पूर्ण धारेनं मांडलं, आणि शेवटी दोघांना एकमेकांना आलिंगन द्यायला लावलं.

अर्थात कवितेत आलिंगन सोपं. घरात अवघड. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते मानत, आणि ख्रिस्ताची भजनं-कीर्तनं त्यांनी मराठी वळणाचीच केली. पण लक्ष्मीबाईंचा संसार त्या दिवशी फाटला. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. परत एकत्र आल्यावरही सोवळं पाळत, स्वतःचं अन्नपाणी वेगळं ठेवत. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी. ‘स्मृतिचित्रे’ वाचा. ईश्वराच्या स्वरूपावरची चर्चा त्यात थोडी. पाण्याचा हंडा कुणी भरायचा, कुणाच्या हातचं जेवायचं, हेच जास्त. देवकल्पनेतला फरक शेवटी स्वयंपाकघरात येऊन थांबतो, हे त्या बाईंनी जितकं मोकळेपणाने लिहिलं तितकं पंडितांनी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

आपल्या सोसायटीतही पंचवीस वर्षांत शिरखुर्म्याचे आणि दिवाळीच्या फराळाचे डबे जिन्यावरून वरखाली गेले. सभेत आवाज चढले त्या आठवड्यातसुद्धा ते थांबले नाहीत, हे मी पाहिलंय.

तेव्हा सांस्कृतिक समितीला एक सुचवतो. ठरावाची पुढची सभा होईल तिच्या आदल्या संध्याकाळी नाथांचा हा संवाद इथेच, या सतरंजीवर वाचूया. हिंदूचं काम मंदिराला विरोध असणाऱ्याने करावं. तुर्काचं काम, मंदिर हवं म्हणणाऱ्याने. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला होता, तेव्हा तुर्कासाठी माझं नाव लिहून घ्या.