तेच ते काहून?
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘माझा छंद’ या विषयावर पाच मिनिटं दिली आहेत. माझा छंद संगीत ऐकण्याचा. वाजवत मात्र काही नाही. का वाजवत नाही, ते पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या संगीताच्या सरांना ठाऊक आहे.

आठवीत सर पेटीवर एकच अलंकार महिनाभर घोटून घेत. एके दिवशी मी उभा राहून विचारलं, “सर, रोज तेच ते काहून?” सगळा वर्ग हसला. सर काही बोलले नाहीत. त्यानंतर मी पेटीला हात लावला नाही.

पुढे पुण्यात नोकरीला असताना एका मित्रानं ‘पॅसेजेस’ ही कॅसेट दिली. पंडित रविशंकर आणि अमेरिकेचे पियानोवादक-संगीतकार फिलिप ग्लास यांचा १९९०चा अल्बम. यात एकानं दिलेल्या सुरावटींवर दुसऱ्यानं रचना बांधल्या आहेत. दोघांची ओळख त्याही आधीची. साठच्या दशकात पॅरिसमध्ये एका चित्रपटासाठी रविशंकरांचं संगीत कागदावर उतरवण्याचं काम तरुण ग्लासना मिळालं. तबल्याला उस्ताद अल्लारखाँ. ग्लासनी लिहिलेले आघात काही केल्या जागेवर पडेनात. अखेर त्यांनी कागदावरच्या उभ्या रेघाच खोडून टाकल्या, तेव्हा ताल उमगला. छोटीशी सुरावट पुन्हा पुन्हा घ्यायची आणि हळूच एखादा स्वर वाढवायचा, ही त्यांची रीत पुढे जगभर गाजली. पण त्याआधी बरीच वर्षं न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवून, नळकाम करून त्यांनी पोट भरलं. १९८९चा त्यांचा ‘सोलो पियानो’ मी अजूनही पहाटे लावतो.

आपल्या वर्धेकरांना जवळचा वाटेल तो त्यांचा ‘सत्याग्रह’ हा ऑपेरा. पहिला प्रयोग १९८० साली रॉटरडॅमला झाला. विषय गांधीजींचा दक्षिण आफ्रिकेतला लढा. शब्द मात्र सगळे गीतेतले, तेही संस्कृतात. सेवाग्रामच्या सायंप्रार्थनेत स्थितप्रज्ञाची लक्षणं ऐकताना आपण चुळबुळ करायचो, आठवतं ना? तीच गीता.

शेवटी गांधीजींच्या भूमिकेतला गायक खालून वर आठ स्वरांचा आरोह घेतो. स्वर आपल्या भैरवीचे. एकदा नाही, तीस वेळा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दहाव्या वेळेपर्यंत मी कंटाळलो होतो. विसाव्या वेळी डोळे भरून आले, आणि आपला संगीताचा वर्ग आठवला.

सर, त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही महिनाभर रोज देत होता. मलाच ऐकू आलं नाही. त्या दिवशीच्या हसण्याबद्दल मला माफ करा.

गेल्या महिन्यात एक जुनी पेटी घेतली आहे. आज गाडीत सोबत आणली आहे. जेवणानंतर तुमच्याजवळ घेऊन येतो. बोट चुकलं, तर पुन्हा पहिल्यापासून घ्यायला सांगा.