प्रयोगवही आणि प्रयोगशाळा



कांहीं वर्षांपूर्वीं पदवीच्या प्रायोगिक परीक्षेसाठीं परीक्षक म्हणून मी एका महाविद्यालयांत गेलों होतों. लंबकाच्या आंदोलनांवरून गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग चालू होता. बहुतेक वह्यांतून उत्तर होतें ९८०. एका मुलाच्या वहींत मात्र ९७० हा आंकडा खोडून त्यावर ९८० लिहिलेलें दिसलें. मीं कारण विचारलें. तो म्हणाला, "सर, उत्तर ९८० यायला हवें ना?"

त्याचा लंबक पाहिला, तेव्हां उलगडा झाला. त्यानें दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजतां वरच्या टोंकापर्यंतच मोजली होती. सुमारें एक मीटर लांबींत एक सेंटिमीटर कमी धरला गेला, आणि उत्तरांतही तितकीच, म्हणजे शेंकडा एकाची, तूट आली. ही तूट कां आली हें शोधणें, यालाच संशोधन म्हणतात. नेमकें तेंच त्या मुलानें खोडून टाकलें होतें. आणि तसें करावयास त्याला आपणच शिकविलें होतें.

वर्गांत शिकवितांना पडलेली शंका केवढें फळ देते, याचें उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. १९२४ सालीं सत्येंद्रनाथ बोस हे ढाका विद्यापीठांत अध्यापक होते. प्लांकच्या प्रारणनियमाची रूढ उपपत्ति शिकवितांना तींतील विसंगति त्यांच्या मनाला टोंचूं लागली. त्यांनीं नवी उपपत्ति बसविली आणि आपला लहानसा निबंध आइन्स्टाइन यांजकडे धाडला. आइन्स्टाइन यांनीं तो स्वतः जर्मन भाषेंत उतरवून प्रसिद्ध करविला.

पुढें मात्र शिकविणें आणि शोधणें यांच्या वाटा वेगळ्या होऊं लागल्या. १९४२ सालीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली, १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली, आणि १९५० सालीं पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें उद्घाटन झालें. या संस्थांनीं देशाची मोठी सेवा केली, हें निर्विवाद. परंतु संशोधनाचा पैसा व साधनें तिकडे गेलीं, आणि बहुसंख्य विद्यार्थी मात्र महाविद्यालयांतच राहिले. ही फारकत मिटावी म्हणून २००६ पासून पुणें, कोलकाता आदि ठिकाणीं विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था उघडण्यांत आल्या. त्या आज सात आहेत. उपक्रम स्तुत्य खरा. पण सात अंगणांत सगळ्या देशाचीं मुलें कशीं मावावीं?

पैशाचा प्रश्न आहेच. २०२०-२१ सालीं संशोधन व विकास यांवर आपण एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या शेंकडा ०.६४ इतकाच खर्च केला; चीनचें प्रमाण शेंकडा दोनांहून आणि दक्षिण कोरियाचें शेंकडा चारांहून अधिक होतें. २०२३ च्या कायद्यानें अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान निर्माण झालें. पांच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारण्याचा संकल्प झाला. त्यांतील मोठा वाटा सरकारी तिजोरीबाहेरून यावयाचा होता. नामांकित संस्थांशीं इतर विद्यापीठें जोडून देण्याची एक योजनाही या प्रतिष्ठानानें आखली आहे. मला आशा वाटते ती या योजनेची. मात्र हा ओघ विद्यापीठाच्या कचेरींत न थांबतां तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत पोंचला पाहिजे.

असें होणें अशक्य नाहीं. जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची विशाल रेडिओ दुर्बीण आहे. राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास तेथें प्रदर्शन भरतें. आसपासच्या शाळांतील मुलें आपापले प्रयोग मांडतात, दुर्बीण डोळे भरून पाहतात, शास्त्रज्ञांस प्रश्न विचारतात. संशोधनसंस्थेनें आपलें दार उघडलें, तर शेजारचें गांव आंत येतें.

आणि एक सुधारणा तर बिनखर्ची आहे. प्रायोगिक परीक्षेंत उत्तर जुळल्याबद्दल गुण देण्याऐवजीं, तें कां जुळलें नाहीं हें सांगणाऱ्यास अधिक गुण द्यावे. त्यासाठीं प्रतिष्ठान नको, कायदा नको. परीक्षकाचें धैर्य मात्र हवें. त्या दिवशीं मीं त्या मुलाला पुन्हा ९७० लिहावयास सांगितलें, आणि खालीं त्या चुकीचें कारणही लिहून घेतलें. सबंध वहींत तेवढ्याच दोन ओळी त्याच्या स्वतःच्या होत्या.