आधीं ओळख, मग छायाचित्र

आषाढ लागला कीं पुण्याहून मुळशीकडे जाणारा रस्ता रविवारीं मोटारींनीं भरून जातो. पिरंगुट आणि पौड मागें पडतात, डोंगरांच्या खांद्यांवर ढग टेकलेले दिसूं लागतात, आणि पुढें ताम्हिणीच्या घाटांत कड्याकड्यांवरून पाणी उतरत असतें. प्रत्येक वळणावर मोटारी थांबतात, कॅमेरे आणि मोबाइल उंचावले जातात, आणि क्षणभरांत काम आटोपून मंडळी पुढच्या वळणाकडे निघते. रात्रीं घरीं बसून तीं शेंदोनशें चित्रें पाहिलीं, कीं दिवसभराचा उल्हास ओसरतो. धुकें राखेसारखें करडें आलेलें असतें, धबधबा पांढऱ्या दोरीसारखा लोंबत असतो, आणि डोळ्यांना सुखविणारें हिरवें रान चित्रांत मात्र निस्तेज दिसतें. मग सगळा दोष कॅमेऱ्याच्या माथीं येतो आणि अधिक किंमतीचा कॅमेरा घेण्याचा बेत ठरतो.

छायाचित्रणावर ज्यांचें पोट आहे अशा जाणत्यांना याबद्दल विचारावें, तर ते नव्या यंत्राची शिफारस सहसा करीत नाहींत. त्यांचा सल्ला साधा असतो: पुढच्या रविवारीं पुन्हा त्याच वळणावर जावें, आणि त्याच्या पुढच्या रविवारींहि.

हा सल्ला आजचा नव्हे. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ सालीं. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं. पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि त्या वर्गांत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकीं एक ठरले. ओल्या कोलोडियनच्या त्या काळच्या पद्धतींत कांचेवर रसायन चढवून, ती ओली आहे तोंच चित्र घ्यावें लागे आणि लगोलग अंधारांत नेऊन धुवावें लागे. कांच वाळली कीं सारे श्रम फुकट. एका चित्रामागें एवढी यातायात असल्यामुळें, कॅमेरा कोठें मांडावा, प्रकाश कोणत्या बाजूनें येतो, माणसानें कोठें बसावें, याचा विचार आधींच पुरा करणें भाग पडे. आजच्या यंत्रानें ती यातायात दूर केली हें उत्तमच झालें. परंतु यातायातीबरोबर तो विचारहि दूर झाला असेल, तर तो सौदा महागांत पडला म्हणावयाचा.

दादासाहेब फाळके यांचें उदाहरण याहूनहि बोलकें आहे. मुंबईची जे. जे. कलाशाळा, बडोद्याचें कलाभवन, गोध्रा येथील छायाचित्रांचा धंदा, पुराणवस्तुसंशोधन खात्यांतील नोकरी, आणि पुढें मुळशीच्या उत्तरेस लोणावळ्यास काढलेला छापखाना, एवढी उमेदवारी झाल्यावर ते चित्रपटाकडे वळले. १९१२ सालीं विलायतेहून मागविलेला कॅमेरा हातीं आला, तेव्हां त्यांनीं एकदम पौराणिक कथेला हात घातला नाहीं. कुंडींत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला, आणि ठराविक अंतरानें एकेक चित्र घेत महिन्याहून अधिक काळ त्या रोपावर नजर ठेवली. पडद्यावर अंकुर बघतां बघतां वेल झाला, आणि तो पाहणारांपैकीं कांहींजण भांडवल देण्यास तयार झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं लोकांपुढें आला, त्याच्या मागें असें एक वाटाण्याचें रोप उभें आहे.

मुळशींत हाच धडा गिरवावयाचा असेल, तर भाताचें एकच खाचर निवडावें आणि वर्षभर त्याच्याकडे जावें. वैशाखांत राब भाजल्यानें काळी झालेली जमीन, ज्येष्ठांतील पोपटी रोपें, आषाढांतील चिखल आणि लावणी, आश्विनांतील भरलेल्या लोंब्या, कापणीनंतरचे सड: स्थळ एकच, चित्रें मात्र दहा. भिंगहि शक्यतों एकच वापरावें, म्हणजे दृश्य जवळ आणण्यासाठीं भिंग बदलण्याऐवजीं पाय हलविण्याची संवय लागते. प्रत्येक चित्राची तारीख, वेळ आणि एक्स्पोजर वहींत टिपून ठेवावें. फसलेलें चित्रहि मग कांहींतरी शिकवून जातें.

धुकें करडें कां आलें, याचें उत्तर त्या वहींतच सांपडतें. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम करडें आहे असें गृहीत धरतो, आणि पांढऱ्या धुक्यालाहि करड्यावर आणून बसवितो. म्हणून धुक्यांत एक्स्पोजर सुमारें एका स्टॉपनें, म्हणजे दुपटीनें, वाढवावें लागतें. ओल्या काळ्या कातळानें चौकट भरली असेल तर उलट कमी करावें लागतें. धबधबा सेकंदाच्या पांचशेंव्या भागांत टिपला तर थेंब न थेंब सुटा दिसतो. शटर अर्धा सेकंद उघडें राहिलें तर तेंच पाणी रेशमासारखें वाहतें, मात्र त्यासाठीं कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसलेला हवा. ओल्या पानांवर आकाशाची जी पांढरट चमक पडते, ती पोलरायझर फिरवून काढली कीं रानाचा खरा रंग उघडा होतो. घरीं परतल्यावर कॅमेरा ओल्या पिशवींत तसाच पडूं देऊं नये. दमट हवेंत भिंगावर बुरशी धरते, आणि तिचे डाग पुष्कळदां कायमचे राहतात. हवाबंद डबा आणि थोडें सिलिका जेल एवढी तजवीज पुरेशी होते. शेंवाळलेल्या कातळावर, वाहत्या पाण्याच्या तोंडाशीं ट्रायपॉड मांडण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. धबधब्यांत माणसें वाहून गेल्याच्या बातम्या पावसाळ्यांत येत असतात, आणि कोणतेंहि चित्र जिवाच्या मोलाचें नसतें.

हें सारें हातास वळण लावणारें शिक्षण झालें. याहून अवघड शिक्षण पुढेंच आहे. लावणी करणारी बाई आज बहुधा प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन वांकलेली असते. शहरांतून आलेला हौशी छायाचित्रकार तिला तो काढावयास सांगतो आणि कोठून तरी जुनें इरलें मागवितो. चित्र देखणें येतें, परंतु तें त्या दिवसाचें नसतें आणि त्या बाईचेंहि नसतें. जाणता छायाचित्रकार आधीं बांधावर बसतो, नांव-गांव विचारतो, पावसाची चौकशी करतो, आणि परवानगी मिळाली तरच कॅमेरा काढतो. पुढच्या खेपेस जातांना छापलेलें एक चित्र तो बरोबर नेतो. तें ज्या घरांत भिंतीवर लागतें, त्या घराचें दार त्याला पुढें कधीं परकें राहत नाहीं.

आणि मुळशीचा जलाशय? मावळत्या उन्हांत त्याचें चित्र कोणासहि काढतां येतें, इतका तो सुंदर आहे. परंतु त्या पाण्याखालीं भाताचीं खाचरें आणि माणसांचीं घरें गेलीं आहेत. मुंबईला वीज पुरविण्यासाठीं टाटांच्या कंपनीनें येथें धरण बांधावयास घेतलें, तेव्हां १९२१ च्या एप्रिलांत, रामनवमीच्या दिवशीं मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापति’ हें नांव मिळालें तें याच लढ्यांत. धरण थांबलें नाहीं. १९२७ पासून हें पाणी सह्याद्रीखालीं भिरा येथें उतरून वीज देत आलें आहे. ही हकीकत ठाऊक नसलेल्याला समोर केवळ एक तळें दिसतें. ज्याला ती ठाऊक आहे, तो पाण्याकडे पाठ करून कांठावर वर सरकलेल्या वस्त्यांकडे वळतो, तेथील वृद्धांच्या शेजारीं बसतो, त्यांनीं आपल्या वडीलधाऱ्यांकडून काय ऐकलें तें विचारतो, आणि त्यांच्या चेहऱ्यांचें चित्र घेतो. त्या चित्राखालीं तो नांव, गांव आणि तारीख लिहितो. कारण ओळख सांगणारें माणूस गेलें, कीं चित्रांतील चेहरा मुका होतो.

या शेवटच्या धड्यासाठीं मुळशीपर्यंत जाण्याचीहि गरज नाहीं. शहरांतील पुष्कळ घरांत पेटीच्या तळाशीं जुनीं कौटुंबिक चित्रें पडून आहेत. कोणी टोपी घातलेले गृहस्थ, कोणी नऊवारींतील आजी, मांडीवर एक मूल, आणि मागची बाजू कोरी. तीं माणसें ओळखणारी एखादी आत्या किंवा एखादे काका अजून घरांत असतील. या रविवारीं पाऊस फार असला आणि घाटांत जाणें झालें नाहीं, तर ती पेटी उघडावी, त्यांच्या शेजारीं बसावें, आणि मऊ पेन्सिलीनें प्रत्येक चित्राच्या पाठीवर हलक्या हातानें नांव लिहून ठेवावें. छायाचित्रकलेचा पहिला धडा तेथेंच सुरू होतो.