उत्तर ध्रुवाचा बर्फ आणि आमचा बंधारा
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



महोत्सवाच्या सभेत वक्त्याने मागील पंचवीस वर्षांचे गुणगान करावे असा शिरस्ता आहे. ते कार्य आमच्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनी पार पाडले आहे. आम्हांस समितीने विषय नेमून दिला तो उत्तर ध्रुवावरील बर्फ वितळण्याचा व त्याविषयीच्या लोकवृत्तीचा. ही वार्ता सातपाटीच्या एका वृद्ध तांडेलांच्या कानी गेली. ते आमच्या धर्मग्रामातील नव्हेत, परंतु आमचे फार जुने स्नेही आहेत. ते हसून म्हणाले, "मास्तर, आम्हाला बर्फ ठाऊक तो कारखान्यातला, पापलेटावर घालायचा. तुमचा ध्रुवावरचा बर्फ घेऊन आम्ही काय करू?"

हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. आमचे आजचे भाषण म्हणजे त्या तांडेलांस द्यावयाचे उत्तर आहे, असे समजण्यास हरकत नाही.

प्रथम एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. आम्ही आयुष्यभर शाळेत भूगोल शिकविला. पुष्कळ वर्षांपूर्वी एकदा वर्गात आम्ही बेधडक सांगून मोकळे झालो की, उत्तर ध्रुवाजवळचा तरंगता बर्फ वितळला म्हणजे समुद्र चढतो. तेव्हा मागील बाकावरील एक कोळ्याचा मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, उसाच्या रसात बर्फ वितळला तर पेला कुठे सांडतो?" वर्ग हसला. आम्ही त्यास खाली बसविले, आणि सायंकाळी घरी जाऊन पेल्यात पाणी व बर्फ घालून पाहिले. मुलाचे म्हणणे खरे ठरले. जो बर्फ पाण्यावर तरंगत असतो, त्याने आपल्या वजनाएवढे पाणी आधीच बाजूस सारलेले असते. तो वितळल्याने पेल्याची पातळी चढत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गापुढे तसे सांगताना आम्हांस थोडे जड गेले, हे लपविण्यात अर्थ नाही.

मग ह्या तरंगत्या बर्फाची चिंता कशास? ती अशाकरिता की, तो बर्फ म्हणजे पृथ्वीच्या डोक्यावरील पांढरे पागोटे होय. बर्फाने झाकलेला समुद्र सूर्याचे बहुतेक ऊन आल्या वाटेने परत पाठवितो. उघडा पडलेला काळा समुद्र ते जवळजवळ सर्वच पिऊन टाकतो. जितका बर्फ कमी, तितके पाणी अधिक तापते, आणि जितके पाणी तापते तितका बर्फ अधिक कमी होतो. उपग्रहांच्या साहाय्याने ह्या बर्फाची अखंड मोजदाद 1979 सालापासून चालू आहे. त्या वर्षी सप्टेंबरात, म्हणजे तो सर्वांत कमी असावयाच्या महिन्यात, बर्फाचा विस्तार सुमारे 70 लाख चौरस किलोमीटर होता. 2012 सालच्या सप्टेंबरात तो सुमारे 34 लाखांवर आला. हिवाळ्यात तो पुनः पसरतो हे खरे. तथापि मार्च 2025 मध्ये हिवाळ्यातील पसाराही तोवरच्या सर्व नोंदींत सर्वांत तोकडा ठरला. ध्रुवाकडील तो प्रदेश 1979 पासून पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आला आहे.

ह्या तापण्याची झळ ग्रीनलंडच्या भूमीवरील हिमराशीस लागते. तो बर्फ तरंगता नव्हे, जमिनीवरचा आहे; तो वितळून समुद्रास मिळाला म्हणजे मात्र पेला भरू लागतो. येथे एक नवलाची गोष्ट सांगतो. ती प्रचंड हिमराशी आपल्या आकर्षणाने भोवतालचे सागरजल स्वतःकडे ओढून धरीत असते. ती झिजली म्हणजे ती ओढ सैल पडते. ग्रीनलंडच्या पायाशी असलेले पाणी उलट खाली जाते आणि दूरच्या उष्ण कटिबंधातील किनाऱ्यांच्या वाट्यास सरासरीहून अधिक येते. म्हणजे ज्या देशाचे नाव आमच्या मुलांस नकाशातही चटकन सापडत नाही, तेथील हिशेब आमच्याकडील किनाऱ्यांवर मांडला जातो. त्यात तापलेल्या पाण्याच्या स्वाभाविक फुगण्याची भर पडते. 1901 पासून 2018 पर्यंत जगाचा समुद्र सरासरी 20 सेंटिमीटरांनी चढला. आपल्या मापात सांगावयाचे तर सुमारे एक वीत.

यावर तांडेलांनी जो आक्षेप घेतला तो आमच्या मते कोणत्याही विद्वानाच्या आक्षेपाहून वजनदार आहे. ते म्हणाले, "आमचा दर्या उधाणाला चार-पाच मीटर चढतो नि उतरतो, तोही दिवसातून दोनदा. त्यात तुमच्या एका वितेला कोण विचारतो?"

बंधुभगिनींनो, वितेस ओहोटीच्या वेळी कोणी विचारीत नाही, साध्या भरतीसही विचारीत नाही. ती विचारली जाते वर्षातून चार-सहा दिवस, आषाढ-श्रावणाच्या मोठ्या उधाणाला, जेव्हा वारा नैऋत्येचा असतो आणि पाणी बंधाऱ्याच्या माथ्याशी येऊन ठेपते. बंधारा बांधणाऱ्याने जुन्या उधाणाचा माथा धरून वर थोडी जागा राखलेली असते. समुद्राने त्या राखीव जागेतील एक वीत खाल्ली, की पूर्वी जी लाट दगडावर आपटून परतत असे, तीच पलीकडच्या अंगणात उतरते. सातपाटीस पावसाळ्यातील उधाणांत घरांत खारे पाणी शिरल्याचे कित्येकांनी पाहिले आहे. महिनाभर पगार पुरणाऱ्या घराला शेवटच्या दिवशी दहा रुपये कमी पडले म्हणजे त्या दहा रुपयांचे मोल कळते. तशीच ही गोष्ट आहे.

मात्र न्यायाने बोलले पाहिजे. किनाऱ्याची सारीच धूप बर्फाच्या माथी मारणे हा खोटेपणा होईल. वाळूचा उपसा, तोडलेली सुरूची झाडे, एका गावास बंधारा बांधल्याने शेजारच्या गावाकडे वळलेला लाटांचा मारा, ही कारणे आमच्या डोळ्यांदेखत घडली आहेत, व त्यांत आमचाही हात आहे.

आता जे श्रोते समुद्रापासून दूर, पूर्वेकडील पाड्यांतून आले आहेत, त्यांनी असे समजू नये की हे प्रकरण केवळ कोळ्यांचे आहे. गोव्यात वास्को येथे ध्रुवप्रदेश व महासागर यांच्या अभ्यासाची भारत सरकारची संस्था आहे. 1981 च्या डिसेंबरात दक्षिण ध्रुवाकडे जाणारी पहिली भारतीय मोहीम गोव्याहूनच निघाली होती. उत्तरेकडे स्वालबार्ड बेटांवर 'हिमाद्री' नावाचे आपले ठाणे 2008 पासून आहे. वास्को येथील संशोधकांनी 2021 साली असे मांडले की, सैबेरियाच्या उत्तरेस असलेल्या कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी राहिला, तर वरच्या हवेतील प्रवाहांत बिघाड होऊन त्याची लहर आशियाकडे सरकते, आणि तापलेल्या अरबी समुद्राच्या बाष्पाची जोड मिळून पश्चिम व मध्य भारतात सप्टेंबरच्या अखेरीस अतिवृष्टी होण्याचा संभव वाढतो. संशोधकांनी 'संभव' हाच शब्द योजला आहे, आम्हीही त्यापुढे जात नाही. परंतु सप्टेंबरची अखेर म्हणजे काय, हे शेतकऱ्यास सांगणे नको. त्या वेळी हळवे भात कापणीस आलेले असते. तयार लोंबी आडवी होऊन पाण्यात कुजली म्हणजे घरातील वर्षाचे अन्न गेले.

वादळांचेही तसेच. पूर्वी वादळ म्हटले की ते बंगालच्या उपसागरातले, अशी आमची समजूत होती, व पाठ्यपुस्तकही तेच सांगे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी केलेल्या मोजणीप्रमाणे, 1982 ते 2000 या काळाशी तुलना करता 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली. मे 2021 मधील 'तौक्ते' वादळ आपणांपैकी कोणीही विसरलेले नाही. मुंबईपलीकडील समुद्रात पी-305 ही बार्ज बुडून सत्तराहून अधिक माणसे दगावली. दुसरी एक बार्ज वाहत वाहत आमच्याच वडराईच्या खडकांशी येऊन रुतली आणि तिच्यावरील 137 जणांस हेलिकॉप्टरने सोडवावे लागले.

येथवर बर्फाचे झाले. लोकवृत्तीचे बोलणे अधिक अवघड आहे; कारण ते आमचेच बोलणे आहे.

येल विद्यापीठाने सीव्होटर संस्थेच्या साहाय्याने 2021-22 मध्ये भारतात पाहणी केली. जागतिक तापमानवाढीविषयी आपणांस थोडेसेच ठाऊक आहे, किंवा मुळीच ऐकिवात नाही, असे 54 टक्के लोकांनी सांगितले. मग ती गोष्ट दोन वाक्यांत समजावून दिल्यावर, असे घडत आहे खरे, असे 84 टक्के म्हणाले. परदेशात ह्या विषयावर जे कडाक्याचे वाद होतात, ते 'हे खरे की खोटे' याविषयी असतात. आमच्याकडे तो वाद नाही. आमचा माणूस मान डोलावतो, 'हो, ऋतू बदलले खरे' म्हणतो, आणि चहाचा पेला खाली ठेवून कामास लागतो. मान्य करावयास पैसा पडत नाही, म्हणून आम्ही चटकन मान्य करितो. ही वृत्ती नाकारण्याच्या वृत्तीहून बरी आहे, असे आम्हांस पूर्वी वाटे. आता तितकेसे वाटत नाही. नाकारणारा निदान वाद घालतो, व वादात हरण्याचा संभव तरी असतो.

एका भाविक आजीबाईंनी आम्हांस सांगितले की, नोहाला देवाने वचन दिले आहे, पृथ्वी पुनः जलप्रलयाने बुडणार नाही. मग भिता कशाला? त्यांच्या श्रद्धेपुढे आमची मान लवते. परंतु ते वचन देवाने स्वतःपुरते दिले. मनुष्याने कोळसा व तेल जाळून हवेत जे भरले, त्याची हमी त्यात नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हा विषय हाती घेतला. आणि 4 ऑक्टोबर 2023 रोजी 'लाउदाते देउम' लिहिताना, ह्या संकटाची थट्टा करणारे मंडळींतही आहेत हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

दुसरे एक म्हणणे कारखान्यात नोकरी करणाऱ्या तरुणांचे. अमेरिकेतील एक मनुष्य वर्षास सुमारे 14 टन कार्बन वायू हवेत सोडतो, आमचा सुमारे 2 टन. तेव्हा पाप त्यांचे, प्रायश्चित्त आम्हांस का? हे म्हणणे न्याय्य आहे, व आम्ही त्यास उत्तर शोधीत बसणार नाही. फक्त एवढेच की, सातपाटीच्या अंगणात शिरणारे पाणी पाप कोणाचे ते विचारून शिरत नाही.

आणि आमचा मनुष्य जागा होत नाही असेही नाही. वसईत टँकरने उपसा होऊन विहिरी खाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीच्या मागे हजारो लोक उभे राहिले. का? तर घरच्या विहिरीतील पाण्याची चव जिभेस कळत होती. ध्रुवाची चव जिभेस कळत नाही. ती कळेल असे काही साधन हवे, आणि ते आमच्या हाती आहे असे आम्हांस वाटते.

मुंबईस अपोलो बंदरावर 1878 सालापासून भरतीच्या पाण्याची नोंद ठेवली गेली आहे. त्या नोंदी आरंभिणाऱ्यांस ध्रुवाची कल्पनाही नसेल. तरी समुद्र चढला की नाही, हे आज सांगता येते ते अशाच नोंदींच्या बळावर. केळव्यापासून वरोरपर्यंतच्या गावांत अशी नोंद आम्हां गावकऱ्यांपाशी कोठे आहे? सारे तोंडी आहे. 'आमच्या आजाच्या वेळेस पाणी त्या ताडापर्यंत येत नसे' असे. तो ताडही आता नाही. वाढवण येथे भर समुद्रात भराव घालून उभारावयाच्या बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. त्याविषयी ह्या सभेतही दोन मते आहेत, व त्यांचा निवाडा येथे करणे नाही. परंतु उद्या किनारा खचला, तर त्यातील किती वाटा चढत्या समुद्राचा आणि किती नव्या भिंतीचा, असा प्रश्न येईलच. तेव्हा ज्याच्यापाशी तारीखवार नोंद असेल त्याचे ऐकले जाईल. आजाचे नाव सांगणाऱ्याचे ऐकले जाणार नाही.

आपल्या देवळात बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या वह्या आहेत. फादरांच्या अनुमतीने आम्ही त्यांच्या शेजारी चौथी वही ठेविली आहे. तिच्यात तारीख, स्थळ, पाण्याची खूण व लिहिणाराचे नाव असे चार रकाने आखले आहेत. मागील पाने पहिला पाऊस, शेवटचा पाऊस व हळव्या भाताची कापणी यांकरिता पूर्वेकडील मंडळींसाठी राखली आहेत. आमचे तांडेल स्नेही बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर रंगाचे पट्टे ओढून देण्यास कबूल झाले आहेत. "बर्फाचं मला अजून पटलं नाही," असे ते म्हणाले, "पण पाणी कुठवर येतं ते लिहायला माझं काय जातं?" रंगाचा खर्च आम्ही करू.

पहिली नोंद येत्या पौर्णिमेच्या उधाणाची व्हावी अशी विनंती आहे. त्या दिवशी भरती किती वाजता, हे येथे बसलेल्या पुष्कळांस आमच्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे.