दातांची डागडुजी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि मराठ्यांचा इतिहास अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत माझ्या वाट्याला दात आले आहेत. मी दंतवैद्य नाही. कला शाखेचा पदवीधर आणि केंद्र शासनाचा नोकर एवढीच माझी ओळख. मात्र सहकाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाची देयके बरीच वर्षे माझ्या टेबलावरून गेली आणि त्यांत एक गोष्ट मला सातत्याने दिसत आली. दात साफ करून घेतल्याची किंवा लहानसा खड्डा भरून घेतल्याची देयके थोडी. रूट कॅनाल, दाढ काढणे आणि कवळी यांची देयके पुष्कळ. म्हणजे आपण दंतवैद्याकडे जातो ते दात ठणकू लागल्यावर. वस्तुतः दाताच्या बाबतीत ठणका ही आजाराची सुरुवात नसते; बहुधा ती अखेरची नोटीस असते. ही नोटीस येण्यापूर्वी काय करता येते आणि आल्यानंतर काय उरते, एवढेच आज मला आपल्यासमोर मांडायचे आहे.

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण दैवाला उद्देशून वापरतो. परंतु नोकरीनिमित्त घर सोडून बंगळूरला स्थिरावलेल्या आपल्या पिढीला ती शब्दशः लागू पडू लागली आहे. उमेदीच्या काळात चणे बेताचे होते. आता निवृत्तिवेतनाची सोय आहे, घरात सुबत्ता आहे, आणि चकली समोर आली की हात मागे जातो.

प्रथम दात किडतो म्हणजे काय होते ते पाहू. ‘कीड’ या आपल्या शब्दानेच थोडा घोटाळा केला आहे. दातात खरोखरीचा किडा असतो अशी समजूत आपल्या खेड्यांतून होती. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन तो पाडण्याचे उपाय होत असत. असा किडा नसतो. तोंडातील सूक्ष्म जंतू दातांवर चिकट थर करून राहतात. आपण खाल्लेल्या साखरेवर आणि पिठूळ पदार्थांवर ते जगतात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताच्या कवचातील क्षार विरघळवते. प्रत्येक गोड घासानंतर साधारण अर्धा तास हा हल्ला चालतो. त्यानंतर लाळ आम्ल निवळते आणि गेलेले क्षार थोडेथोडे परत बसवते. तेव्हा साखर किती खाल्ली याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती दिवसातून किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे. जेवणाच्या पानातील मैसूर पाकाने दातांचे जितके नुकसान होते, त्यापेक्षा दिवसभर तासातासाला घेतलेल्या ‘बाय-टू’ कॉफीने अधिक होते, कारण लाळेला डागडुजी करायला उसंतच मिळत नाही.

आरंभी दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या अवस्थेत दात अजून सावरू शकतो. एकदा का खड्डा पडला की मार्ग बंद होतो. मोडलेले हाड सांधते, कापलेले बोट भरून येते. दाताच्या कवचाला ही सोय नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात. दंतवैद्याचे सर्व उपचार हे या उणिवेवर माणसाने शोधलेले तोडगे आहेत. त्यांची एक उतरंड आहे. जितके खाली उतरावे तितका स्वतःचा दात कमी उरतो आणि खर्च वाढतो.

पहिली पायरी घरातील. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, मऊ ब्रशने, फ्लोराइडयुक्त पेस्ट लावून दोन मिनिटे दात घासावेत. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचे घासणे सकाळच्यापेक्षाही मोलाचे. जोर लावून आडवे घासल्याने दात उजळत नाहीत, हिरडीजवळ झिजतात. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण भरमसाट चुळा भरून फ्लोराइड धुऊन टाकू नये. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे.

फ्लोराइडविषयी आपल्या भागापुरते वेगळे बोलणे आवश्यक आहे. अल्प प्रमाणात ते दाताचे कवच बळकट करते. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स या शहराने १९४५ साली पिण्याच्या पाण्यात ते मुद्दाम मिसळण्यास प्रारंभ केला. कर्नाटकात मात्र अनेक ठिकाणी प्रश्न उलट आहे. कोलार, चिक्कबळ्ळापूर आणि तुमकूरकडील खोल विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड गरजेपेक्षा जास्त आढळते; आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांचे हेच दुखणे आहे. असे पाणी लहानपणी वर्षानुवर्षे प्यायल्यास पक्क्या दातांवर पांढरे, पुढे तपकिरी डाग उमटतात आणि ते घासून जात नाहीत. फार जास्त प्रमाण असल्यास हाडेही ताठरतात. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा असून दुसरे पाणी नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. ज्यांच्या वसाहतीत कावेरीचे पाणी पोहोचलेले नाही आणि टँकरवर किंवा विंधन विहिरीवर भिस्त आहे, त्यांनी पाण्याची एकदा तपासणी करून घ्यावी, आणि फ्लोराइड जास्त निघाल्यास मुलांच्या पेस्टविषयी दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

दुसरी पायरी प्रतिबंधक उपचारांची. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, पहिली पक्की दाढ येते. पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात आणि पडेल म्हणून सोडून देतात. ती पडणारी नसते. तिने आयुष्यभर साथ द्यायची असते. तिच्या माथ्यावरच्या अरुंद खाचांत ब्रशचे केस पोहोचत नाहीत. दंतवैद्य त्या खाचा पातळ लेप लावून बंद करतो. त्यात टोचणे नाही, कोरणे नाही. मुलांच्या दातांवर वर्षातून दोन वेळा फ्लोराइडचा लेप देण्याचीही सोय आहे. हे दोन्ही उपचार स्वस्त आहेत, आणि कदाचित दुखत नसल्यामुळेच आपण ते टाळतो.

मोठ्यांसाठी याच पायरीवर दात साफ करून घेणे येते. दातांवर साचलेले कीटण ब्रशने निघत नाही. त्याने हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, आणि कालांतराने दाताभोवतीचे हाड झिजून धडधाकट दात हलू लागतो. ‘साफ केल्याने दात सैल होतात’ ही सार्वत्रिक समजूत आहे. कीटणाने भरलेली फट मोकळी झाली की ती जिभेला जाणवते, एवढाच त्याचा अर्थ. हाड आधीच झिजलेले असते. कीटणाने ते झाकून ठेवलेले असते. मधुमेह्यांनी येथे विशेष सावध असावे. मधुमेहाने हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांच्या आजाराने रक्तातील साखर आटोक्यात राहत नाही.

तिसरी पायरी खड्डा भरण्याची. किडलेला भाग कोरून तेथे चांदी, पारा, कथील आणि तांबे यांचे मिश्रण भरण्याची पद्धत दीडशे वर्षांहून जुनी आणि टिकाऊ. पाऱ्याचा वापर घटवण्याविषयी २०१३ साली मिनामाता करार झाला, आणि आता दाताच्या रंगाचे भरण अधिक प्रमाणात वापरले जाते. खड्डा लहान असतानाच भरला तर बहुधा एका बैठकीत काम संपते.

चौथी पायरी रूट कॅनालची. कीड दाताच्या आतील नसेपर्यंत पोहोचली की रात्रीची झोप उडवणारा ठणका लागतो. लवंगेचे तेल तात्पुरता आराम देते. आजीबाईच्या बटव्यातली ती वस्तू खोटी नव्हे, परंतु ती दुखणे झाकते, कीड थांबवत नाही. दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून धरणे मात्र घातक आहे; तिने हिरडी भाजते. रूट कॅनालमध्ये भूल देऊन बाधित नस काढतात, मुळांतील नळ्या स्वच्छ करून बंद करतात. असा दात ठिसूळ होतो, म्हणून दाढेवर टोपी बसवणे सहसा आवश्यक असते. दुखणे थांबले म्हणून टोपीचे काम पुढे ढकलू नये. दाढ दुभंगली तर सर्व खर्च वाया जातो.

अखेरची पायरी दात काढण्याची. वरची दाढ काढल्याने दृष्टी अधू होते ही भीती निराधार आहे. मात्र काढलेल्या दाताची जागा मोकळी राहिली तर शेजारचे दात तिकडे कलतात. ती भरण्यासाठी शेजारच्या दातांच्या आधाराने पूल बसवतात, कवळी करतात किंवा हाडात टायटॅनियमचे मूळ रोवून त्यावर दात चढवतात. ही शेवटची पद्धत स्वीडनमधील ब्रॉनमार्क यांनी १९६५ साली प्रथम रुग्णावर वापरली.

एक गोष्ट मुलांच्या आईवडिलांसाठी. क्रिकेटचा चेंडू लागून पक्का दात मुळासकट निखळला तर तो टाकून देऊ नका. मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरा, मळला असेल तर हलकेच धुवा आणि शक्य असल्यास लगेच जागेवर बसवा. ते न जमल्यास दुधात ठेवून अर्ध्या ते एक तासाच्या आत दंतवैद्य गाठा. तो पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

आता घरातील वडीलधाऱ्यांकडे वळतो, आणि माझ्या मते आजच्या विषयाचा हाच कळीचा भाग आहे. गावाकडून मुलाकडे राहायला आलेल्या आपल्या आया-मावश्यांपैकी अनेकींच्या पिशवीत आजही मशेरीची डबी असते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड दातांना लावायची, ही सवय आपल्या महाराष्ट्राची आणि कोकणपट्टीची. दात घासण्याच्या नावाखाली ती सुरू होते आणि दिवसातून चार वेळा तोंडात धरण्यावर जाते. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, म्हणून कोणी हटकतही नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी पुणे जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोंडाचा कर्करोग आणि त्याआधीची लक्षणे यांचा तंबाखूशी असलेला संबंध अशा पाहण्यांतून पक्का झाला. १९९२ साली भारत सरकारने दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. घरच्या तव्यावर मात्र कोणताही कायदा पोहोचत नाही. तेथे मुलाने आणि सुनेनेच पोहोचले पाहिजे. तोंडात दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा किंवा तोंड उघडण्यास अडचण दिसल्यास तपासणी पुढे ढकलू नये. आरंभीच सापडलेला कर्करोग बरा होण्याची शक्यता फार मोठी असते, आणि तो व्रण आरंभी बहुधा दुखत नाही. म्हणूनच दुखण्याची वाट पाहणे येथे जिवावर बेतते.

दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. म्हातारे माणूस भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले, शेंगदाणे बाजूला सारू लागले, लग्नाच्या पंगतीला ‘भूक नाही’ म्हणू लागले, की आपण वयाला बोल लावतो. पुष्कळदा दुखत असतो तो दात. या शहराची भाषा येत नाही, एकट्याने कुठे जाता येत नाही आणि ‘आता माझ्या दातांवर कशाला खर्च?’ असा संकोच असतो. त्यांना विचारून उपयोग नाही, ‘काही नाही रे’ हेच उत्तर येईल. सुटीच्या दिवशी सोबत घेऊन जावे. कवळी केली असेल तर ती रात्री काढून पाण्यात ठेवावी, आणि जबड्याचे हाड हळूहळू झिजत असल्याने काही वर्षांनी ती पुन्हा बसवून घ्यावी लागते, हे ध्यानात असू द्यावे.

सोयीची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. १९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले, १९३३ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय निघाले, १९४८ मध्ये दंतवैद्यकाचा कायदा झाला आणि १९५८ पासून बंगळूरचे शासकीय दंत महाविद्यालय सेवेत आहे. त्यानंतर या शहरात इतरही दंत महाविद्यालये उभी राहिली. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागांत अध्यापकांच्या देखरेखीखाली माफक खर्चात उपचार होतात. वेळ थोडा अधिक लागतो, इतकेच.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. गणेशोत्सवात आपण रक्तदान शिबिर भरवतोच. यंदापासून एक दिवस दंततपासणीसाठी ठेवावा, आणि त्या दिवशी प्रत्येक सभासदाने घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर व्यक्तीला घेऊन यावे. स्वतःच्या दातांसाठी आपण कदाचित येणार नाही, पण त्या निमित्ताने आपलीही तपासणी होऊन जाईल.