‘सु’ म्हणजे कोणाचे?



कामगार संघटनेचा माणूस स्पॅनिश व्याकरणावर बोलणार, हे वाचून काहींना हसू आले असेल. पण आमचे सारे आयुष्य ‘हे कोणाचे?’ या एकाच प्रश्नावर भांडण्यात गेले आहे. शाळा आमची चौथीपर्यंतच. स्पॅनिश शिकलो ते जुन्या बाजारात मिळालेल्या, निम्मी पाने गळालेल्या पुस्तकातून. मुंबई बंदरात येणाऱ्या खलाशांशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून.

मराठी माणसाला पहिला धडा सोपा जातो. ‘आमचा संघ’, ‘आमची मागणी’ असे आपण म्हणतो. शब्दाचे रूप मालकावर नव्हे, वस्तूवर ठरते. स्पॅनिशचेही तसेच. संघटनेला तेथे ‘सिंदिकातो’ म्हणतात, तो पुल्लिंगी. म्हणून ‘नुएस्त्रो सिंदिकातो’. संप म्हणजे ‘उएल्गा’, ती स्त्रीलिंगी. म्हणून ‘नुएस्त्रा उएल्गा’. मग बोलणारे पुरुष असोत की बायका. हाताला ‘मानो’ म्हणतात, आणि शेवटी ‘ओ’ असूनही हा शब्द स्त्रीलिंगी: ‘नुएस्त्रास मानोस’, आमचे हात. याने आम्हांला पुष्कळ दिवस चकवले. ‘मि’ म्हणजे माझा आणि ‘तु’ म्हणजे तुझा, यांना मात्र लिंगाचा जाच नाही. अनेकवचनी ‘मिस’, ‘तुस’ केले की झाले.

खरी अडचण ‘सु’पाशी येते. त्याचा, तिचा, त्यांचा, शिवाय आदरार्थी ‘आपला’, या सर्वांना हा एकच शब्द. स्पेनमध्ये ‘तुम्हां सर्वांचा’ यासाठी ‘वुएस्त्रो’ तरी आहे; अमेरिका खंडातील स्पॅनिशमध्ये तेही काम ‘सु’वरच पडते.

एकदा एका खलाशाची तक्रार आम्ही लिहून घेत होतो. त्याचा सोबती बोटीवर वारला होता. सोबत्याचा थकलेला पगार, त्याची विधवा, नोकरी लावून देणारा दलाल, असे सारे त्या बोलण्यात होते. शेवटी तो म्हणाला, ‘सु दिनेरो’. दिनेरो म्हणजे पैसे. आम्ही लिहिले, ‘त्याचे पैसे’. दुसऱ्या दिवशी कागद वाचून दाखवला, तर तो जोरजोराने मान हलवू लागला. ‘दे एया! दे एया!’ तिचे, तिचे! दलालाला दिलेली रक्कम त्या बाईने स्वतःचे दागिने मोडून उभी केली होती. ‘त्याचे’ असे राहिले असते तर ती रक्कम नवऱ्याच्या पगाराच्या हिशेबात जिरली असती. तेव्हापासून ‘सु’ ऐकला की आम्ही विचारतो, ‘दे एल?’ त्याचे? की ‘दे एया’? स्पॅनिश माणसेही घोटाळा वाटला की असाच खुलासा करतात.

‘नुएस्त्रो’मध्येही एक खोच आहे. आपल्याकडे ‘आमचा’ निराळा आणि ‘आपला’ निराळा. तेथे दोन्हींना एकच शब्द. फाटकासभेतील पहिल्याच भाषणात आम्ही ‘आमच्या मागण्या’ असे म्हणून गेलो, तेव्हा मागून एका म्हाताऱ्या हमालाने विचारले, ‘भाऊ, तुमच्या की आपल्या?’ स्पॅनिशमध्ये बोललो असतो तर निभावले असते!

शरीराच्या बाबतीत मात्र ही भाषा बहुधा मालकी सांगतच नाही. ‘माझे डोके दुखते’ याला स्पॅनिश माणूस ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणतो, म्हणजे ‘मला डोके दुखते’. ‘माझे’ हा शब्दच त्यात नाही. आम्ही पहिल्यांदा पुस्तकी थाटात ‘मि काबेसा’ म्हटले, तेव्हा तो खलाशी हसून म्हणाला, दुसऱ्या कोणाचे दुखणार?