घरच्या फोनची वीज कुणाची?



आजचा विषय घरातल्या फोनचा आहे. खिशातल्या मोबाइलचा नव्हे, तर आपल्या शहराच्या 0240 या कोडच्या, बैठकीच्या खोलीत एका जागी बसलेल्या फोनचा. सिडको-हडकोत, ज्योतीनगर-समर्थनगरात, उस्मानपुऱ्यात गेली काही वर्षं हा फोन तांब्याच्या तारेवरून उतरवून फायबरवर, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीवर चढवला जातोय. आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवल्यामुळे ओळखीपाळखीचे लोक मला विचारतात, ‘सर, बदलून घ्यावा का?’ माझं उत्तर ‘जरूर घ्या’ असंच असतं. आवाज स्वच्छ येतो, बोलण्याचा वेगळा खर्च जवळजवळ उरत नाही, सोबत इंटरनेट मिळतं. पण या व्यवहारात एक जबाबदारी गुपचूप आपल्या अंगावर येते आणि जोडणी द्यायला आलेला मुलगा ती सांगत नाही. आजवर तुमच्या फोनला लागणारी वीज एक्सचेंज पुरवत होतं. यापुढे ती तुम्हाला पुरवायची आहे.

जुन्या फोनला विजेचं बटण नव्हतं, हे आपण कधी लक्षातच घेतलं नाही. एक्सचेंजमध्ये बॅटऱ्यांची एक स्वतंत्र खोली असते. तिथून 48 व्होल्टचा दाब तांब्याच्या दोन तारांवरून तुमच्या घरापर्यंत कायम येत असतो. घंटा वाजवायची तर याच तारांवर थोडा वेळ साधारण 75 व्होल्टचा उलटसुलट प्रवाह सोडतात. बॅटऱ्यांच्या पाठीशी डिझेलचा जनरेटर. म्हणून मे महिन्यात वळवाचं वादळ झालं, झाडं पडली, रात्रभर गल्ली अंधारात राहिली, तरी रिसीव्हर उचलला की डायल टोन यायचा. मलिक अंबरच्या जुन्या नहरीचं, म्हणजे कालव्याचं, पाणी जसं स्वतःचा दाब सोबत घेऊन शहरात यायचं, मोटर लावावी लागत नसे, तसंच हे होतं. तारेतून आवाज यायचा आणि त्याच तारेतून आवाजाला लागणारी वीजही.

त्या तारेसाठी लोकांनी किती वाट पाहिली, हे इथल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. ज्यांच्याकडे पैसा होता ते ‘ओवायटी’त, म्हणजे मोठी अनामत भरून रांग पुढे सरकवणाऱ्या योजनेत नाव घालत. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसायचं. 1984 मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था निघाली, सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं देशी डिजिटल एक्सचेंज तयार झाली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत चौकाचौकांत एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या लागल्या. रात्री अकरानंतर पाव दरात बोलता येतं म्हणून बूथबाहेर रांगा लागायच्या. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत नोकरी लागलेल्यांच्या कितीतरी घरांत त्याच काळात पहिला फोन आला. 2000 च्या ऑक्टोबरात दूरसंचार खात्याच्या सेवेची बीएसएनएल ही कंपनी झाली. पुढे दोन-तीन वर्षांत नंबरांच्या आधी 2 हा आकडा आला. गुलमंडी-औरंगपुऱ्यातल्या दुकानांच्या पाट्यांवर तो 2 मागाहून रंगवलेला अनेकांनी पाहिला असेल.

इंटरनेटवरून फोन ही कल्पना आपल्याकडे आली ती परदेशी गेलेल्या मुलांबरोबर. 2005 ते 2010 च्या सुमारास अमेरिकेतल्या मराठी घरांत व्होनेज किंवा मॅजिकजॅकचा तळहाताएवढा डबा असायचा. 2009 मध्ये व्होनेजनं ठरावीक मासिक पैशांत भारतासह साठ देशांत अमर्याद बोलण्याची योजना काढली आणि मिनिटं मोजत बोलणाऱ्या आई-मुलींचं बोलणं पहिल्यांदा ऐसपैस झालं. आपल्या बाजूला मात्र कायद्याचा अडसर होता. 2002 पासून संगणकावरून परदेशी फोनवर बोलायला परवानगी होती, पण देशातल्या देशात इंटरनेटवरून साध्या फोनवर बोलण्याचा रस्ता 2018 मध्ये मोकळा झाला. त्याच वर्षी बीएसएनएलनं ‘विंग्ज’ ही अ‍ॅपवरची सेवा आणली. 2019 मध्ये भारत फायबर आणि जिओ फायबर आले आणि घरचा लँडलाइन नंबर इंटरनेटच्या डब्यातून वाजू लागला.

तोवर तांब्याची दुर्दशा झाली होती. एकेकाळी देशात चार-पाच कोटी जोडण्या होत्या, त्या 2020 पर्यंत दोन कोटींच्या आसपास आल्या. त्याच वर्षी 31 जानेवारीला बीएसएनएलच्या 78 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कोणत्या खांबावरच्या डीपीतून, म्हणजे जोडण्यांच्या पेटीतून, कोणत्या घराची तारांची जोडी गेली आहे हे तोंडपाठ असलेले लाइनमन त्यात घरी गेले. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. भर पावसात पिलरचं दार उघडून, कमरेचा टेस्ट फोन लावून शेकडो जोड्यांतून एक जोडी शोधणं ही कारागिरी होती आणि ती कुठल्याही पुस्तकात उतरलेली नाही. आपल्या शहरात जलवाहिनी, ड्रेनेज, काँक्रीटचे रस्ते अशी खोदाई सतत चालू असते. जमिनीखालची केबल एकदा तुटली की शेकडो जोड्या पुन्हा जुळवायला माणसं हवीत. ती उरली नाहीत. त्यामुळे तांब्याकडे परत जाण्याची आशा कुणी धरू नये. 2022 च्या ऑगस्टमध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आकडेवारीत लँडलाइनच्या संख्येत जिओ बीएसएनएलच्या पुढे गेली. घरचा फोन पुन्हा वाढतोय, पण तो फायबरवरच वाढतोय.

आता फायबरवर आवाज कसा जातो ते पाहू. तुमच्या आवाजाची नोंद दर सेकंदाला आठ हजार वेळा घेतली जाते आणि प्रत्येक नोंदीचा एक आकडा होतो. हे नवं नाही. डिजिटल एक्सचेंज आल्यापासून हेच होत होतं, फक्त ते एक्सचेंजमध्ये व्हायचं. आता ते तुमच्या घरातल्या डब्यात होतं. हे आकडे सेकंदाला साधारण पन्नास छोट्या पुडक्यांत बांधून पाठवले जातात. एखादं पुडकं उशिरा आलं की शब्द तुटतो. एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असला तर कानाला कळत नाही, त्यापलीकडे गेला की दोघं एकदम बोलू लागतात. फायबर नीट असेल तर हा त्रास होत नाही. मोबाइलच्या इंटरनेटवर चालणाऱ्या अ‍ॅपवर तो होतो, म्हणून घरच्या मुख्य फोनसाठी नुसत्या अ‍ॅपवर विसंबू नये असं माझं मत आहे.

घरातल्या त्या डब्याला ओएनटी म्हणतात. त्याला फायबर येते, 12 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागतो आणि मागे ‘फोन’ किंवा ‘टेल’ लिहिलेली एक खाच असते. फोनची वायर तिथे लावायची. समोर दिवे असतात. ‘एलओएस’ हा दिवा लाल लुकलुकू लागला तर प्रकाशच येत नाहीये, फायबर कुठेतरी तुटली किंवा दबली आहे, असं समजायचं. मग डबा चारदा बंद-चालू करण्यात अर्थ नसतो, तक्रारच द्यायची.

जुन्या घरांत फोनची वायर खिडकीच्या चौकटीतून आत येऊन एका रोझेटला जोडलेली असते आणि तिथून आतल्या खोलीत, वरच्या मजल्यावर पॅरलल फोन गेलेले असतात. हे सगळे फोन नव्या जोडणीवरही वाजावेत म्हणून डब्याच्या फोनची वायर त्याच रोझेटला द्यायची कल्पना चांगली आहे. पण आधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी रोझेटपासून सोडवलीच पाहिजे. ती जिवंत असेल तर एक्सचेंजचे 48 व्होल्ट उलटे डब्यात शिरतात आणि खाच जळू शकते. जास्त फोन जोडले तर घंटा क्षीण वाजू शकते, कधी वाजतच नाही, कारण डब्याची घंटा वाजवण्याची ताकद एक्सचेंजएवढी नसते. बोटानं फिरवायच्या चकतीचा काळा फोन कुणी जपून ठेवला असेल, तर त्यावर फोन येतील, पण त्यावरून लागतीलच असं नाही. पुष्कळ डब्यांना चकतीची टिकटिक कळत नाही. दवाखान्यात किंवा वकिलांच्या कार्यालयात फॅक्स असेल, दुकानात जुन्या पद्धतीचा चोरघंटीचा अलार्म फोनलाइनवर असेल, तर तो नव्या लाइनवर चालवून बघितल्याशिवाय जुनी तोडू नका.

आता विजेकडे येतो. डब्याला वीज फार लागत नाही, दहा वॉटच्या आसपास. घरच्या इन्व्हर्टरवर टीव्ही-पंखे बंद ठेवले तर तो एक दिवससुद्धा सहज चालेल. इन्व्हर्टर नसेल तर बाजारात 12 व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, तो दोन-चार तास ओढतो. पुष्कळ घरांत इन्व्हर्टर असतो, पण डबा टीव्हीमागच्या ज्या प्लगवर लावलाय तो प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नसतो. वीज गेली की घरात दिवे लागलेले आणि फोन मुका. इलेक्ट्रिशियनला बोलावून एवढा एक प्लग बदलून घ्या.

घरची सोय केली तरी काम अर्धंच होतं. एक्सचेंजपासून घरापर्यंतच्या फायबरला वाटेत वीज लागत नाही, काचेतून प्रकाशच जातो, तो विभागणारा स्प्लिटरही विजेविना चालतो. हा तिचा मोठा गुण. पण ज्या यंत्रातून ती फायबर निघते, त्या ओएलटीला वीज लागते. ते यंत्र एक्सचेंजच्या इमारतीत असेल तर त्याला बॅटरी-जनरेटरचा आधार असतो. आज पुष्कळ ठिकाणी जोडण्या केबलवाल्यांच्या भागीदारीत दिल्या जातात आणि ओएलटी एखाद्या गाळ्यात किंवा जिन्याखालच्या खोलीत असतं. तिथली बॅटरी संपली की तुमचा इन्व्हर्टर भरलेला असूनही फोन बंद. तेव्हा जोडणी घेताना योजनेचे दर विचाराल तसंच हेही विचारा: ‘तुमचं ओएलटी कुठे आहे आणि लाइट गेल्यावर ते किती तास चालतं?’ प्रामाणिक केबलवाला नीट उत्तर देतो. उत्तर देता येत नसेल तर दुसरा पाहा.

दुसरा प्रश्न नंबरचा. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, ही सोय देशभर 2011 मध्ये आली. लँडलाइनला ती नाही. बीएसएनएलच्या तांब्यावरून बीएसएनएलच्याच फायबरवर गेलात तर जुना नंबर ठेवता येतो, पण तसं अर्जावर स्पष्ट लिहून द्यावं लागतं. नवी जोडणी म्हणून अर्ज केला तर नवा नंबर हाती पडतो. दुसऱ्या कंपनीकडे गेलात तर जुना नंबर गेलाच. तीस-तीस वर्षं जुने नंबर आहेत हे. बँकेत, पेन्शनच्या कागदांवर, नातेवाइकांच्या डायऱ्यांत तेच लिहिलेले आहेत. बदलायचाच असेल तर नवी लाइन सुरू झाल्यावर काही महिने दोन्ही चालू ठेवा आणि सगळ्यांना कळवून मग जुनी परत करा. अनामतीची पावती शोधून ठेवा, ती रक्कम परत मागता येते.

‘मोबाइल असताना एवढा खटाटोप कशाला?’ असं तरुण मुलं विचारतात. ज्यांची मुलं पुण्यात, बंगळुरूत, न्यू जर्सीत आहेत आणि जे दोघंच घरी राहतात, त्यांना विचारा. मोबाइल चार्जिंगला लावायचा राहतो, चष्म्याशिवाय दिसत नाही, रात्री उशाशी सापडत नाही. घरचा फोन जागा सोडत नाही. छातीत दुखू लागलं तर 108 किंवा 112 लावायला अंधारातही हात तिथे पोचतो. म्हणूनच तो वीज गेल्यावर मुका पडता कामा नये.

ब्रिटनमध्ये तांब्यावरची जुनी फोनसेवा 2025 अखेर बंद करायचं ठरलं होतं. वृद्धांच्या गळ्यातली आपत्कालीन बटणं नव्या लाइनवर चालेनात, तशा घटना पुढे आल्या आणि मुदत जानेवारी 2027 पर्यंत पुढे ढकलली गेली. तिथल्या नियामकानं कंपन्यांना सांगितलं आहे की लँडलाइनवरच अवलंबून असलेल्या ग्राहकाला वीज गेल्यावर निदान एक तास आपत्कालीन फोन लावता येईल अशी सोय द्या. अमेरिकेत कंपन्यांनी आठ तासांची आणि 2019 पासून चोवीस तासांची बॅटरी विकत घेण्याचा पर्याय ग्राहकापुढे ठेवावा असा नियम 2025 पर्यंत होता. आपल्याकडे वीज त्यांच्यापेक्षा जास्त जाते. ट्रायनं 2025 मध्ये लँडलाइनच्या क्रमांकांविषयी शिफारशी केल्या. गावातल्या गावातही शून्य आणि कोड लावून फोन करायचा, असं त्यांत सुचवलं आहे. क्रमांकांचा एवढा विचार होतो, तर विजेचाही व्हायला हवा. साठीपुढच्या ग्राहकाला जोडणी देताना डब्यासोबत बॅटरी द्यायचं बंधन कंपन्यांवर असलं पाहिजे, ही मागणी मी या व्यासपीठावरून करतो. ट्रायच्या सल्लामसलतीत सामान्य नागरिकालाही लेखी म्हणणं मांडता येतं. ज्येष्ठ नागरिक संघांनी ते मांडावं.

तोवर आपापल्या घरापुरतं एक काम करा. पावसाळ्याला आता फार दिवस नाहीत. ज्यांचा फोन फायबरवर गेला आहे त्यांनी उद्या सकाळी घरचा मेन स्विच बंद करावा, रिसीव्हर कानाला लावावा आणि डायल टोन येतो का ते ऐकावं. आपल्या घरी झालं की शेजारी एकटे राहणाऱ्या आजी-आजोबांकडे जाऊन तेही तपासून द्या.